खांदेरीचं मातकट पाणी

प्रदर्शनात लोक जहाज डोळ्यांनी बघतात आणि पाणी बोटाने. ‘कृपया हात लावू नये’ ही पाटी मराठीत लावा, हिंदीत लावा, काही फरक पडत नाही. इकडेतिकडे बघून एक बोट हळूच पुढे येतंच. जहाज लाकडाचं आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. पाणी कशाचं आहे ते कळत नाही, म्हणून चाचपून बघावंसं वाटतं. जहाजांच्या प्रतिकृती करण्याच्या धंद्यात मला हीच पावती सगळ्यात खरी वाटत आली आहे. बोटांचे ठसे पुसायला मी एक मऊ फडकं जवळ ठेवतो आणि पुसताना चिडत नाही.

मी मूळचा रेवदंड्याकडचा, पोटापाण्यासाठी दिल्लीत स्थिरावलेला. हा अनुभव कोपर्निकस मार्गावरचा. मंडी हाऊसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणारा हा रस्ता. दूरदर्शन भवन, कमानी सभागृह, जुनं महाराष्ट्र सदन, सगळं याच रस्त्यावर. त्यामुळे दिल्लीतल्या मराठी माणसाचे पाय कधी नाटकासाठी, कधी गावाकडून आलेल्या कुणाला भेटायला, कधी नुसतेच जेवायला इकडे वळतात. माझी कार्यशाळा यमुनेपलीकडे, भाड्याच्या गाळ्यात. पण ज्या खांदेरीच्या देखाव्याबद्दल हे लिहितोय, तो शेवटी मांडायचा होता तो या रस्त्यावरच्या एका दालनात.

याआधी मी पाणी केलं ते बहुतेक चित्ररथांवर. प्रजासत्ताक दिनाच्या आधी दिल्ली छावणीत जो कॅम्प लागतो तिथे बंगालचे मूर्तिकार, महाराष्ट्राचे नेपथ्यवाले, ओडिशाचे कारागीर एकाच मांडवाखाली राबत असतात. चित्ररथावरचं पाणी कर्तव्यपथावरून जाताना प्रेक्षकांसमोर असून असून किती वेळ असणार? मिनिटभर. तेही लांबून. फायबरच्या लाटा, वर चकचकीत निळा रंग, कडेला पांढरा फेस, एवढ्यात भागतं. दालनातला प्रेक्षक मात्र हातभर अंतरावर उभा राहतो, वाकतो, कडेने डोकावतो, मोबाइलने मोठं करून बघतो. त्याच्यासमोर चित्ररथाचं पाणी टिकत नाही.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार समुद्राशी बांधलेले. त्यानंतर जलदुर्गांच्या देखाव्यांसाठी आमच्याकडे विचारणा वाढली. एका संस्थेने खांदेरीचा देखावा मागितला. आठ फूट बाय चार फूट, मधोमध मराठ्यांची गलबतं, एका कोपऱ्यात बेटाचा खडक. दिल्लीकरांना मराठे माहीत आहेत ते घोड्यावरचे : १७३७ मध्ये तालकटोऱ्याजवळ तळ देणारे बाजीराव, १७६१ चं पानिपत, नंतर लाल किल्ल्यावर वचक ठेवणारे महादजी शिंदे. मराठ्यांचं आरमार होतं हे ऐकल्यावर इथे अजूनही लोक ‘अच्छा?’ म्हणतात. म्हणून मला हे काम मनापासून करावंसं वाटलं.

खांदेरीची गोष्ट थोडक्यात अशी. १६७९ च्या पावसाळ्याअखेर शिवाजी महाराजांच्या हुकुमावरून मायनाक भंडारी यांनी मुंबईच्या दक्षिणेला, थळच्या समोर असलेल्या या बेटावर तटबंदी सुरू केली. मुंबई बंदराच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला उभा राहतोय म्हटल्यावर इंग्रजांनी बेटाभोवती जहाजं लावली, पुढे जंजिऱ्याचा सिद्दीही आला. पण बेटावरची माणसं उपाशी मरेनात आणि काम थांबेना. थळ-नागावकडची छोटी गलबतं रात्रीच्या अंधारात रसद पोचवत आणि उजाडायच्या आत परत किनाऱ्याला लागत. इंग्रजांची जहाजं मोठी, खोल बुडणारी, वाऱ्यावर अवलंबून. गलबतं हलकी, उथळ पाण्यातून जाणारी आणि वारा पडला तर वल्ह्यांवर चालणारी. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी नाद सोडला.

ही गोष्ट नीट वाचली की कळतं, खांदेरीला नुसत्या तोफा लढल्या नाहीत. भरती-ओहोटी, वारा आणि पाण्याची खोली यांचं गणित ज्याला येत होतं तो टिकला. मग त्या लढ्याच्या देखाव्यात पाणी केवळ जहाजाखालची सतरंजी कसं असेल?

मला एक गोष्ट आधीपासून खटकत होती. गलबत कसं दिसत होतं याचा आपल्यापाशी पुरावा किती? सतराव्या शतकातलं एकही मराठी गलबत आज उभं नाही. जुनी चित्रं आहेत, परदेशी लोकांनी केलेली वर्णनं आहेत. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने अठराव्या शतकात आंग्र्यांच्या आरमाराबद्दल लिहिलंय. गलबत सहसा सत्तर टनांच्या आतलं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं, वल्ह्यांवर ताशी चार मैल जाणारं, असं तो सांगतो. कोकणातल्या होड्या बांधणाऱ्या सुतारांच्या हातात जे परंपरेने आलंय ते आहे. या सगळ्याचा मेळ घालून आपण नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा उतार, डोलकाठीचा कल ठरवतो. प्रामाणिकपणे सांगायचं तर तो अभ्यास करून बांधलेला अंदाज असतो.

पाण्याचं तसं नाही. खांदेरी आहे तिथेच आहे. मतलई वारे तसेच वाहतात, चंद्र तसाच भरती आणतो, पश्चिमेची लाट त्याच बाजूने येते. गाळ वाढला असेल, मुंबईची घाण आली असेल, पण समुद्राचा स्वभाव बदललेला नाही. म्हणजे या अख्ख्या देखाव्यात आज जाऊन, डोळ्यांनी बघून, ताडून घेता येईल अशी वस्तू कुठली, तर पाणी. आणि आमच्या धंद्यात सगळ्यात बेफिकिरीने केली जाते तीही हीच.

थळच्या किनाऱ्यावर एका म्हाताऱ्या तांडेलांशी बोललो. मला खांदेरीचं पाणी बनवायचंय म्हटल्यावर ते आधी हसले. मग म्हणाले, “कुठल्या वेळचं? पाणी काय एक असतं? महिना सांग, तीथ सांग, भरती का ओहोटी सांग, मग पाण्याचं बोलू.”

त्यांच्याबरोबर बसून मी वेळ ठरवली. ऑक्टोबरचे दिवस, पहाट संपून तांबडं फुटलेलं. रात्री रसद उतरवून गलबतं किनाऱ्याकडे निघाली आहेत, एक अजून खडकाजवळ नांगरून आहे. वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई, अगदी मंद. भरती चढते आहे. एवढं ठरलं आणि निम्मं काम कागदावरच उरकलं, कारण बाकीच्या गोष्टी यातूनच निघतात.

वारा मंद, म्हणजे चार ते सहा नॉट धरा. ब्यूफोर्टच्या मापनात हा दुसऱ्या क्रमांकाचा वारा. त्यात बारीक तरंग उठतात, त्यांचे माथे काचेसारखे गुळगुळीत राहतात, फुटत नाहीत. तुरळक फेस दिसायला लागतो तो तिसऱ्या क्रमांकापासून. म्हणजे आमच्या समुद्रावर पांढरा रंग जवळजवळ नको. शिडं गुंडाळलेली, कारण गलबतं वाऱ्यासमोर वल्हवत चालली आहेत. चालत्या गलबताला समोरचा वारा जास्त लागतो, म्हणून तिथला भगवा मागे ताणलेला. नांगरलेल्या गलबताचा भगवा मात्र जेमतेम उचललेला. दोन्ही निशाणं सारखीच फडकवली तर बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे एवढं कळतं.

भरतीचंही तसंच. त्या भागात भरतीचं पाणी साधारण उत्तरेला, मुंबई बंदराकडे ओढतं, असं तांडेलांनी सांगितलं. वारा इतका मंद असताना नांगरलेली होडी ओढीला तोंड देऊन उभी राहते. म्हणून तिची नाळ दक्षिणेकडे, नांगराचा दोर पुढे ताणलेला आणि दोर पाण्यात शिरतो तिथे एक बारीकशी व्ही आकाराची रेघ. खडकाचा रंगसुद्धा भरतीवर ठरतो. पाणी उतरत असेल तर पाण्याच्या वर खडकाचा ओला काळा पट्टा दिसतो. चढत असेल तर खडक पाण्याला टेकेपर्यंत कोरडा, फिकट. कालवांचा खरबरीत पांढुरका थर खाली बुडत चाललेला. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरतीत पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, तेव्हा ही फिकट-काळ्याची चूक देखाव्यात ठळक दिसते.

आता प्रमाण. आम्ही एकास बहात्तर धरलं होतं. आठ फूट फळीवर त्या हिशेबाने जेमतेम १७५ मीटर समुद्र मावतो. पावसाळा संपला तरी अरबी समुद्रातली लांब, संथ लाट येतच असते. तिच्या दोन माथ्यांमध्ये दहा सेकंद धरले तर खोल पाण्यात लांबी दीडशे मीटरच्या वर जाते. उथळात ती आखडते, तरी आमच्या फळीवर चार फुटांच्या आसपास भरते. उंची मात्र सेंटिमीटरभरच. म्हणजे अख्खी फळी डोळ्याला सहज न कळेल अशी वरखाली व्हायला हवी, त्यावर वाऱ्याचे बारीक तरंग हवेत, आणि गलबतंही त्या उतारावर किंचित कलती बसवायला हवीत.

हे लक्षात आलं तेव्हा ओतीव रेझिनचा विचार मी सोडून दिला. आजकाल कुणालाही पाणी म्हटलं की पारदर्शक इपॉक्सी आठवते. पण इपॉक्सी पातळ असते, आणि पातळ वस्तू सपाट होते. लाटेच्या माथ्यावर ओतली तर ती खोलगटात जाऊन बसते. तलाव करायला ती उत्तम, समुद्र करायला नाही. शिवाय हिशेब बघा. आठ बाय चार फुटांवर नुसता तीन मिलिमीटरचा थर द्यायचा तर दहा किलोच्या आसपास माल लागतो. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे खांदेरीचं पाणी पारदर्शक नाहीच. धरमतरच्या आणि मुंबईच्या खाड्यांचा गाळ तिथे येतो. वरून बघितलं तर हिरवट, मातकट, काही ठिकाणी करडं. तळ दिसायचा प्रश्नच नाही.

म्हणून पाणी कोरून काढलं. खाली प्लाय, त्यावर दाट फोमचे जाड तक्ते. गरम तारेने आणि कानसीने आधी लांब लाटेचा चढउतार काढला, मग सँडपेपरने तो इतका मऊ केला की तळहात फिरवला तरच कळावा. या फोमवर स्पिरिट किंवा थिनरवाला रंग कधी लावू नये, तो फोम खाऊन टाकतो. आम्ही वरून अॅक्रिलिकचा पातळ गिलावा दिला. बारीक तरंगांसाठी साधा टिश्यू पेपर घेतला. पाण्यात कालवलेल्या फेविकॉलने तो चिकटवायचा आणि ओला असतानाच आखूड केसांच्या ब्रशने सगळीकडून एकाच दिशेने ढोसत जायचं. कागद आखडतो, सुरकुत्या पडतात, त्याच वाऱ्याच्या लहरी होतात. दिशा मात्र एकच हवी, पूर्वेकडून. हाताखालच्या पोराने कंटाळून फळीच्या दुसऱ्या बाजूने काम सुरू केलं की लगेच वारा फिरतो. फेविकॉल पाणी लागलं की पुन्हा पांढरट होतो, तेव्हा तो पुरता वाळल्यावर त्यावर अॅक्रिलिकचं वॉर्निश देऊन त्याला कोंडून टाकावं लागतं.

रंगात मी निळी बाटली ठेवलीच नाही. कच्चा अंबर, पिवळी माती, ऑलिव्ह हिरवा, थोडा करडा, इतकंच. खोलगटात गडद, माथ्यावर फिकट, खडकाजवळ गाळामुळे थोडी पिवळट झाक. सगळं पातळ थरांनी, एक वाळला की दुसरा. मग चकचकीत जेल ब्रशने लावून ओलेपणा आणला. इपॉक्सी वापरली ती फक्त खडकांमधल्या दोन-तीन डबक्यांत, जिथे पाणी खरोखरच नितळ होऊन थांबतं.

तेवढ्या इपॉक्सीनेही दिल्लीच्या थंडीत घाम फोडला. रेझिन आम्ही तिलक बाजारातून आणतो, खारी बावलीच्या शेजारचा तो रसायनांचा बाजार. बाटलीवर तापमान लिहिलेलं असतं पंचवीस अंशांच्या आसपास, आणि जानेवारीच्या रात्री गाळ्यात पारा त्याच्या निम्म्यावरही नसतो. थंड रेझिन घट्ट होतं, बुडबुडे आत अडकून बसतात, वाळायला नको तेवढा वेळ लागतो. धुक्याच्या दमट हवेत वर पांढुरका चिकट थर येतो तो वेगळाच. म्हणून बाटल्या आधी कोमट पाण्यात ठेवायच्या, रेझिन आणि हार्डनर डोळ्यांनी नाही, काट्यावर तोलायचे, सावकाश ढवळायचे आणि मिश्रण लगेच उथळ ताटलीत पसरायचं. एकाच मगात जास्त राहिलं तर ते आतल्या आत तापतं, धूर सोडतं, दगड होऊन बसतं. कामाभोवती प्लास्टिकचा तंबू आणि आत ऑइल हीटर. पंख्याचा हीटर चालत नाही, तो दिल्लीची सगळी धूळ आणून ओल्या रेझिनवर बसवतो.

गलबत पाण्यात बसवणं हा आणखी वेगळा भाग. जहाज ठेवून भोवती पातळ रेझिन ओतलं तर ते लाकडाला धरून वर चढतं. दोन मिलिमीटर चढलं तरी आमच्या प्रमाणात ते चौदा सेंटिमीटर झालं, आणि गलबत तरंगताना न दिसता खरवसात खोचलेल्या चमच्यासारखं दिसतं. त्यावर उपाय म्हणजे फोममध्ये गलबताच्या पोटाची खाच आधीच कोरायची, ते नेमक्या पाणरेषेपर्यंत आत सोडायचं आणि फट सुईच्या टोकाने जेल भरून बुजवायची.

सगळ्यात जास्त वेळ मी वल्ह्यांना दिला. वल्हं पाण्यातून निघालं की मागे एक भोवरा सोडतं. गलबत ताशी चार मैल चालतंय, दोन सेकंदांना एक वल्हं पडतंय असं धरलं, तर एका फटक्याच्या भोवऱ्यापासून पुढच्या फटक्याच्या भोवऱ्यापर्यंत साडेतीन मीटर होतात. आमच्या फळीवर पाच सेंटिमीटर. गलबताच्या दोन्ही बाजूंना हे भोवरे मागे मागे पसरट होत, विरत जातात. जवळचे टोकदार आणि खोल, लांबचे नुसते गुळगुळीत गोल डाग. पन्नास वल्ह्यांचे भोवरे एकमेकांत मिसळतात, तेव्हा मोजून एकेक काढण्यापेक्षा त्यांची लय साधावी लागते. होडीमागे पसरणारी व्ही आकाराची लाट किती कोनात जाते याचं गणित विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८८७ मध्ये मांडून ठेवलं आहे : खोल पाण्यात मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना साडेएकोणीस अंश, मग ते बदक असो की युद्धनौका. एक पुठ्ठ्याचा त्रिकोण कापून ठेवला की झालं.

काम पाहायला संस्थेची मंडळी आली आणि त्यांचे चेहरे उतरले. पहिली तक्रार रंगाची : समुद्र निळा हवा. दुसरी जोशाची : गलबतांच्या नाळेवर पांढरीशुभ्र लाट उसळलेली हवी, चित्रात असते तशी. एक जण तर म्हणाले, “अहो, हे मराठ्यांचं आरमार आहे, तळ्यातल्या होड्या नाहीत.”

मी वाद घातला नाही, हिशेब दाखवला. ताशी चार मैल म्हणजे सेकंदाला पावणेदोन मीटरच्या थोडं वर. एवढ्या वेगाने जाणाऱ्या होडीच्या नाळेवर पाणी फार तर सोळा सेंटिमीटर चढू शकतं, त्याहून वर चढायला त्याच्यात जोरच नसतो. सोळा सेंटिमीटरचा बहात्तरावा भाग म्हणजे दोन मिलिमीटर आणि वर थोडंसं. त्या वेगाने होडीमागे उठणाऱ्या लाटेची लांबी दोन मीटर, फळीवर तीन सेंटिमीटरही नाही. फेस उसळवायचा तर वेग वाढवायला हवा, वेग वाढवायला जोरदार वारा आणि शिडं हवीत, आणि तसा वारा असता तर इंग्रजांची जहाजं स्वस्थ बसली नसती. खांदेरी टिकली ती वारा नसताना चालणाऱ्या होड्यांमुळे. पांढरी लाट काढली की तीच गोष्ट पुसली जाते.

हिशेबाने माणसं गप्प होतात, पटतंच असं नाही. म्हणून दोन ट्रे करून ठेवले होते. एकात गडद निळं पाणी आणि फेसाळ नाळ, दुसऱ्यात आमचं मातकट, शांत पाणी. दोन्हींत एकसारखं गलबत. दोन्ही ट्रे खिडकीच्या उजेडात मांडले आणि मी चहा सांगायला गेलो. परत आलो तेव्हा ती मंडळी दुसऱ्या ट्रेपाशी वाकलेली होती. निळ्यातलं गलबत खेळण्यातलं वाटत होतं. निर्णय तिथेच झाला.

कुणीतरी सुचवलं होतं की खरंच पाणी का भरत नाही, छोटा पंप लावू. दिसायला सोपी कल्पना, पण पाणी लहान होत नाही. जहाज बहात्तर पट लहान करता येतं, थेंब करता येत नाही. त्याच्या पृष्ठभागाचा ताण तेवढाच राहतो, म्हणून टाकीतली लाट लगेच टाकीतली वाटते. सिनेमावाले यावर चित्रीकरणाचा वेग वाढवून मात करतात. पंचवीस पट लहान जहाज असेल तर पाच पट वेगाने चित्रण करायचं, म्हणजे पडद्यावर लाट जड होऊन पडते. हे वर्गमुळाचं गणित विल्यम फ्रूडने एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जहाजांच्या प्रतिकृती टाकीत ओढून बसवलं. आमच्या देखाव्यात काहीच हलत नाही, तेव्हा आमच्याकडे तो उपायही नाही. आम्हाला एकच क्षण पकडायचा असतो आणि त्या क्षणातल्या सगळ्या गोष्टी एकमेकींना धरून असाव्या लागतात.

चार तुकड्यांत केलेली फळी टेम्पोतून कोपर्निकस मार्गावर आली. सांधे सरळ रेषेत दिसू नयेत म्हणून फोमच्या कडा लहरींच्या वळणाने कापल्या होत्या. त्या एकमेकांत बसवून वर जेल आणि रंग फिरवला. आणि मग दालनातले दिवे लावले. छतावरच्या ट्यूबलाइट पाण्यात पांढऱ्या पट्ट्या होऊन उमटल्या. सगळा समुद्र मेला.

मंडी हाऊसच्या परिसरात एक सोय आहे. हाक मारली की नाटकवाला सापडतो. प्रकाशयोजना करणारे एक ओळखीचे भाई आले, देखाव्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “पानी तो आपने बना दिया, भाईसाहब. आसमान कहाँ है?”

नेमकं बोलले ते. पाण्याकडे सरळ वरून बघितलं तर त्यावरून उजेड दोन टक्केच परततो, बाकी आत जातो, तेव्हा पाण्याचा स्वतःचा रंग दिसतो. तिरपं बघत गेलं की परतणारा उजेड वाढत जातो आणि अगदी पृष्ठभागालगत नजर नेली तर पाण्यात आभाळाशिवाय काहीच दिसत नाही. म्हणजे कुठल्याही देखाव्यातलं निम्मं पाणी हे आभाळ असतं. आमच्या समुद्राचं आभाळ होतं दालनाचं छत. भाईंनी ट्यूबलाइट बंद करवल्या, देखाव्याच्या वर आणि मागे पांढरं कापड ताणलं, पूर्वेच्या बाजूने एकच दिवा खाली ठेवून त्यावर फिका केशरी जिलेटिन कागद लावला. बारीक लहरींच्या एका अंगाला तांबूस उजेड, दुसऱ्या अंगाला करडी सावली. वल्ह्यांचे भोवरे त्या तिरप्या उजेडात एकेक करून वर आले. मातकट रंगावर पहाट उमटली, आणि तीही रंग न लावता.

प्रदर्शनात प्रश्न ठरलेलाच होता. एका मुलाने वडिलांना विचारलं, “पापा, समुंदर गंदा क्यों है?” वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी त्या मुलाला खाडी, गाळ, भरती असं सगळं समजावलं, आणि या गढूळ, उथळ पाण्यात मोठी जहाजं बिचकायची तर छोट्या होड्या कशा सटकायच्या तेही सांगितलं. त्याचा पुढचा प्रश्न होता, “तो ये पानी मराठों की तरफ़ था?” इतक्या नेमक्या शब्दांत मला ते सांगता आलं नसतं. नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले, त्यांनी पाटी वाचलीच नाही. खडकाकडे आणि नांगराच्या दोराकडे बघून ते पत्नीला म्हणाले, “ज्वार चढ़ रहा है।” आणि पुढे गेले.

महाराष्ट्रात आता जलदुर्गांचे देखावे, संग्रहालयं, दालनं उभी राहत आहेत आणि राहावीत. ती उभारणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. पाटीवर जहाजाचं नाव, साल, सेनानी हे सगळं लिहाच, पण एक ओळ पाण्यासाठी ठेवा : महिना कुठला, वेळ कुठली, भरती की ओहोटी, वारा कुठून. ती ओळ लिहिता आली नाही तर समजा, देखावा अजून पुरा झालेला नाही. आणि या कामात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना एवढंच सांगेन की रेझिन सगळीकडे विकत मिळतं. ते घेण्याआधी आपल्या गावच्या खाडीवर, नदीवर, बंदरावर जा, वही घेऊन बसा आणि तिथल्या कुणा तांडेलाला विचारा. तो तुम्हाला पहिल्यांदा हेच विचारील, कुठल्या वेळचं पाणी हवं. त्याचं उत्तर तयार ठेवूनच जा.